ॲक्सेस लॉगवर डोळा: पायथनचं छोटं मॉड्यूल लिहून वेब सर्व्हरवर लक्ष कसं ठेवायचं

सर्व्हरची देखरेख करणारी मोठी तयार साधनं पुष्कळ आहेत. पण सांभाळायला एक-दोनच सर्व्हर असतील, तर फक्त पायथनच्या स्टँडर्ड लायब्ररीवर लिहिलेलं तीनशे-चारशे ओळींचं मॉड्यूल बराच काळ पुरतं, आणि त्यात काय चाललंय ते आपल्याला पूर्ण माहीत असतं. ॲक्सेस लॉगच्या, म्हणजे सर्व्हर प्रत्येक रिक्वेस्टमागे लिहितो त्या नोंदींच्या, ओळीचे तुकडे करणं हा यातला सगळ्यांत सोपा भाग. घोळ होतो तो दोन ठिकाणी: लॉगची फाइल पायाखालून बदलली जाते तेव्हा, आणि माणसाला कधी हाक मारायची हे ठरवताना. म्हणून पुढे त्या दोन गोष्टींना जास्त जागा दिली आहे.

इथे लिनक्स, एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर आणि पायथन ३.८ किंवा त्यापुढची आवृत्ती गृहीत धरली आहे. अपाचीचे फरक शेवटी आहेत. मॉड्यूलचे चार भाग करा: वाचक, पार्सर, गणक आणि इशारा. चारही वेगळ्या फाइलींत ठेवा, म्हणजे प्रत्येकाची चाचणी सुटी घेता येते.

आधी लॉग सुधारा

एन्जिनएक्सच्या मूळच्या 'कम्बाइन्ड' फॉरमॅटमध्ये रिक्वेस्टला किती वेळ लागला हेच नसतं. तो लॉग कितीही हुशारीने वाचला तरी साइट मंदावली आहे का, हे कळणार नाही. तेव्हा पायथनकडे वळण्याआधी कॉन्फिगमध्ये नवा लॉग_फॉरमॅट लिहा: प्रत्येक ओळ म्हणजे एक जेसन ऑब्जेक्ट (नाव आणि किंमत अशा जोड्यांचा मजकूर), आणि एस्केप हा पर्याय जेसनवर. हा पर्याय १.११.८ पासून आहे. तो विसरलात तर अवतरणचिन्ह किंवा विचित्र बाइट असलेला पहिलाच यूझर-एजंट (ब्राउझर किंवा बॉट स्वतःची ओळख म्हणून पाठवतो तो मजकूर) जेसन मोडून टाकेल.

ओळीत एवढं हवंच: एमसेक, रिमोट_ॲड्रेस, होस्ट, रिक्वेस्ट_मेथड, रिक्वेस्ट_यूआरआय, स्टेटस, बॉडी_बाइट्स_सेंट, रिक्वेस्ट_टाइम, अपस्ट्रीम_रिस्पॉन्स_टाइम (मागच्या ॲप्लिकेशनने घेतलेला वेळ), रेफरर (कोणत्या पानावरून आले ते), यूझर-एजंट आणि रिक्वेस्ट_आयडी.

यातल्या काही निवडींमागे कारण आहे. वेळेसाठी एमसेक घ्या. तो सेकंदांत, मिलिसेकंदापर्यंतचा साधा आकडा असतो, त्यामुळे टाइमझोनची भानगड उरत नाही. टाइम_लोकलमधलं महिन्याचं नाव वाचायला स्ट्रपटाइम वापरलं तर ते लोकेलवर अवलंबून राहतं आणि संथही चालतं. पाथसाठी नुसता यूआरआय घेऊ नका, रिक्वेस्ट_यूआरआय घ्या. ट्राय_फाइल्समुळे आतल्या आत रीडायरेक्ट झालं की यूआरआय बदलतो, आणि पीएचपीच्या साइटवर सगळ्या ओळी इंडेक्स.पीएचपीच्याच दिसू लागतात. अपस्ट्रीमचा वेळ अवतरणचिन्हांत, म्हणजे स्ट्रिंग म्हणून लिहा. एन्जिनएक्सने फाइल थेट दिली असेल तर ती किंमत रिकामी येते, आणि अवतरणं नसतील तर जेसन तिथेच तुटतं.

सर्व्हरच्या पुढे लोड बॅलन्सर किंवा सीडीएन, म्हणजे रिक्वेस्ट आधी स्वतःकडे घेऊन पुढे देणारा मधला सर्व्हर (प्रॉक्सी), असेल तर रिमोट_ॲड्रेसमध्ये त्याचाच आयपी येईल. रिअल-आयपी मॉड्यूल लावा आणि सेट_रिअल_आयपी_फ्रॉममध्ये फक्त आपल्या प्रॉक्सीचे पत्ते द्या. एक्स-फॉरवर्डेड-फॉर हेडर कुणीही खोटं पाठवू शकतो. ते सरसकट मानलंत तर हल्ला करणारा हवा तो आयपी तुमच्या लॉगमध्ये लिहून घेईल.

लॉगला बफर लावला असेल (मोठ्या साइटवर तो लावतात) तर सोबत फ्लश ५ सेकंदांवर ठेवा. नाहीतर रात्री रहदारी कमी असताना बफर भरेपर्यंत ओळी फाइलमध्ये येतच नाहीत, आणि तुमची स्क्रिप्ट समजते की साइट बंद पडली.

एक ओळ जवळून

समजा एका ओळीत असं आहे: एमसेक १७४१९४७७५१.४०२, पाथ /ऑर्डर/८८१४, स्टेटस ५०४, रिक्वेस्ट_टाइम ६०.००३, अपस्ट्रीमचा वेळ ६०.००१.

५०४ म्हणजे मागच्या ॲप्लिकेशनने वेळेत उत्तर दिलं नाही. प्रॉक्सी_रीड_टाइमआउट मुळात ६० सेकंदांचा असतो, आणि आकडा नेमका साठावर आलाय. म्हणजे ॲप्लिकेशन कोसळलेलं नाही, कशासाठी तरी अडून बसलं आहे. डेटाबेसचं लॉक आहे का ते आधी बघा. ॲप्लिकेशन मुळात चालूच नसतं तर बहुधा ५०२ दिसला असता, तोही काही मिलिसेकंदांत. आणखी एक बाब सहज नजरेतून सुटते: एन्जिनएक्स ओळ लिहितो ती रिक्वेस्ट संपल्यावर. ही रिक्वेस्ट आली होती त्याच्या एक मिनिट आधी. गडबड कधी सुरू झाली हे शोधताना एमसेकमधून रिक्वेस्ट_टाइम वजा करा, नाहीतर डिप्लॉय आणि बिघाड यांचा क्रम उलटा लागेल.

आता दुसरी ओळ: स्टेटस २००, रिक्वेस्ट_टाइम ४१.२, अपस्ट्रीमचा वेळ ०.१८०. इथे ॲप्लिकेशनचा दोष नाही. रिक्वेस्ट_टाइममध्ये समोरच्याला शेवटचा बाइट पोचेपर्यंतचा वेळ धरलेला असतो. कुणीतरी संथ जोडणीवरून मोठी फाइल उतरवत होता. ॲप्लिकेशनचा वेग मोजायचा तर अपस्ट्रीमचा वेळ बघा.

आणि तिसरी: स्टेटस २००, पण अपस्ट्रीमचा वेळ '६०.००१, ०.०४२'. पहिल्या बॅकएंडने दम तोडला, एन्जिनएक्सने दुसऱ्याला विचारलं, त्याने चटकन दिलं. स्टेटस पाहून सगळं आलबेल वाटतं, पण वापरणारा मिनिटभर पडद्याकडे बघत बसला होता. ही स्ट्रिंग सरळ फ्लोटमध्ये बदलायला गेलात तर पार्सर एक्सेप्शन फेकतो. स्वल्पविरामावर तोडा, आतल्या रीडायरेक्टमुळे कधी कोलनही (:) येतो, त्यावरही तोडा आणि सगळ्यांची बेरीज घ्या.

वाचक

लॉगची फाइल कायम तीच राहत नाही. डेबियन आणि उबंटूवर लॉगरोटेट ती रोज बाजूला करतो: जुन्या फाइलचं नाव बदलून शेवटी .१ लागतं, नवी रिकामी फाइल तयार होते आणि एन्जिनएक्सला यूएसआर१ सिग्नल जातो. हा सिग्नल मिळेपर्यंत एन्जिनएक्स नाव बदललेल्या जुन्या फाइलमध्येच लिहीत असतो. नवी फाइल दिसताच तिच्यावर उडी मारणारी स्क्रिप्ट या मधल्या ओळी गमावते. रोज थोड्याच, पण नेमक्या त्याच वेळी काही घडलं तर पंचाईत.

वाचकाची कामाची रीत अशी ठेवा:

१. फाइल बायनरी मोडमध्ये उघडा आणि रीडलाइनने वाचा. टेक्स्ट मोडमध्ये फॉर-लूपने वाचताना टेल बोलावलं तर पायथन एरर देतो, म्हणजे कुठवर आलो याची नोंद ठेवता येत नाही. डीकोड नंतर करा, यूटीएफ-८ मध्ये आणि एरर्सचा पर्याय 'रिप्लेस' ठेवून.

२. वाचलेल्या ओळीच्या शेवटी नवी-ओळ चिन्ह नसेल तर ती अर्धी आहे. तिला हात लावू नका, आधीच्या जागी परत जा आणि पुढच्या फेरीत पुन्हा वाचा.

३. वाचण्यासारखं काही उरलं नाही की अर्धा सेकंद थांबा, मग दोन तपासण्या करा. उघड्या हँडलचा एफस्टॅट आणि पाथचा स्टॅट यांचे डिव्हाइस-क्रमांक आणि आयनोड (फाइलची डिस्कवरची ओळखसंख्या) जुळतात का? आणि फाइलचा आकार आपल्या जागेपेक्षा लहान झालाय का?

४. आयनोड वेगळा निघाला तर लगेच फाइल बदलू नका. जुनं हँडल आणखी ५ ते १० सेकंद वाचत राहा आणि ते खरंच आटलं की नवी उघडा. बफर फ्लश व्हायला लागणारा वेळही यात बसला पाहिजे.

५. आयनोड तोच पण आकार लहान, म्हणजे कुणीतरी लॉगरोटेटमध्ये कॉपीट्रंकेट लावला आहे. शून्यावर जा आणि पुढे चला. मात्र कॉपी आणि ट्रंकेट यांच्यामध्ये आलेल्या ओळी कुणालाच मिळत नाहीत, त्यामुळे एन्जिनएक्ससाठी कॉपीट्रंकेट काढून टाकलेला बरा. यूएसआर१ असताना त्याची गरजही नाही.

६. नाव बदलणं आणि नवी फाइल तयार होणं यांच्यामध्ये पाथवर काहीच नसतं. स्टॅटला 'फाइल नॉट फाउंड' आलं तर तो अपघात समजू नका, पुढच्या फेरीला बघा.

कुठवर वाचलं ते डिव्हाइस, आयनोड आणि ऑफसेट अशा तीन आकड्यांत दर काही सेकंदांनी जपून ठेवा. आधी तात्पुरत्या फाइलमध्ये लिहा, मग ओएस मॉड्यूलमधल्या रिप्लेसने मूळ नावावर आणा. हे एका फटक्यात होतं, अर्धवट लिहिलेली नोंद कधी सापडत नाही. स्क्रिप्ट बंद असताना रोटेशन झालं असेल तर जपलेला आयनोड आता .१ च्या फाइलवर मिळेल. आधी तिचा उरलेला भाग वाचा, मग चालू फाइल. डेबियनच्या लॉगरोटेटमध्ये डिलेकॉम्प्रेस असतो, म्हणून .१ ची फाइल पुढच्या रोटेशनपर्यंत कॉम्प्रेस होत नाही. आयनोडचे आकडे फाइल पुसल्यावर पुन्हा वापरले जातात, तेव्हा पहिल्या ओळीचा छोटा हॅशही सोबत ठेवलात तर फसगत होणार नाही.

अगदी पहिल्यांदा चालवताना फाइलच्या शेवटापासून सुरुवात करा. नाहीतर सकाळी निस्तरलेल्या बिघाडाची बोंब दुपारी ऐकावी लागते.

पार्सर

इथे फार काही नाही. जेसनच्या लोड्सने ओळ उघडा, आकडे बदला आणि एक नेमड-टपल परत द्या. जी ओळ उघडली नाही ती टाकून द्या, पण मोजून. न उघडलेल्या ओळींची संख्या हा स्वतंत्र आकडा ठेवा. कॉन्फिगमध्ये कुणी लॉग_फॉरमॅट बदलला तर पहिली खबर तोच देतो. रिक्वेस्ट_यूआरआय किंवा मेथड रिकामी असू शकते. साध्या एचटीटीपीच्या पोर्टवर कुणी टीएलएस बोलू लागला की एन्जिनएक्सला ती रिक्वेस्ट वाचताच येत नाही, आणि ४०० ची अशी ओळ उमटते.

एक काम मात्र इथेच उरका: पाथ सपाट करणं. प्रश्नचिन्हापुढचं सगळं कापा. नुसत्या अंकांचा तुकडा दिसला तर त्या जागी 'आयडी' लिहा, यूयूआयडीचंही तसंच. म्हणजे /ऑर्डर/८८१४ आणि /ऑर्डर/८८१५ एकाच खात्यात जातात. हे केलं नाही तर काउंटरमध्ये लाखो कळा (की) साठतात आणि आठवड्याभरात स्क्रिप्टच सर्व्हरची मेमरी खाते. प्रश्नचिन्हापुढचा भाग कापण्याचं दुसरं कारण गोपनीयतेचं आहे. पासवर्ड बदलण्याचे टोकन आणि ईमेलचे पत्ते बहुतेक तिथेच असतात, आणि ते इशाऱ्याच्या संदेशातून चॅटमध्ये पोचायला नकोत.

गणक

दर मिनिटाचा एक डबा. कळ म्हणजे एमसेकला ६० ने भागून आलेला पूर्णांक. डब्यात एकूण रिक्वेस्ट, स्टेटसप्रमाणे काउंटर, पाथ आणि स्टेटसच्या जोडीप्रमाणे काउंटर, आयपीप्रमाणे काउंटर आणि वेळेचा हिस्टोग्राम. शेवटचे १५ डबे डेकमध्ये ठेवा, त्याला मॅक्सलेन दिलं की जुने आपोआप गळतात. मिनिट संपल्यावर डबा बंद करायला आणखी दहाएक सेकंद थांबा, उशिरा फ्लश झालेल्या ओळी त्यात यायला हव्यात.

वेळेची सरासरी काढू नका. ९५ रिक्वेस्ट ५० मिलिसेकंदांत आणि ५ रिक्वेस्ट १० सेकंदांत झाल्या, तर सरासरी अर्ध्या सेकंदाच्या आसपास येते, आणि एकाही वापरणाऱ्याला तसा अनुभव आलेला नसतो. पंच्याण्णवावा आणि नव्याण्णवावा शतमक बघा, म्हणजे शंभरातल्या ९५ किंवा ९९ रिक्वेस्ट ज्या वेळेच्या आत झाल्या ती वेळ. मात्र पाच मिनिटांचे पाच शतमक काढून त्यांची सरासरी घेणं हेही चूकच, शतमकांची सरासरी निघत नाही. म्हणूनच हिस्टोग्राम: ०.०५, ०.१, ०.२५, ०.५, १, २.५, ५, १० आणि ६० सेकंद अशा हद्दी ठरवा आणि प्रत्येक खणात किती पडल्या ते मोजा. खणांची बेरीज कितीही मिनिटांची करता येते, आणि शतमक कोणत्या खणात पडतो ते त्यातून दिसतं. मेमरीही ठरलेली राहते.

इशारा

इथे हात आखडता ठेवा. दिवसाला वीस इशारे देणारी स्क्रिप्ट तिसऱ्या दिवशी म्यूट होते.

नियमाला दोन अटी हव्यात, प्रमाण आणि किमान संख्या. पहाटे तीन रिक्वेस्ट आल्या आणि एक चुकली की प्रमाण ३३ टक्के होतं, त्यासाठी कुणाला उठवायचं नाही. सुरुवातीला असं ठेवा: गेल्या ५ मिनिटांत ५०० च्या घरातले स्टेटस ५ टक्क्यांहून जास्त आणि संख्येने किमान २० असतील तर इशारा. मग आठवडाभराचा जुना लॉग गणकातून पळवा, हा नियम किती वेळा वाजला असता ते बघा आणि आकडे हलवा. लॉगिन आणि पैसे भरण्याच्या पाथसाठी वेगळा, कडक नियम लिहा. एकूण रहदारीत त्यांचा वाटा लहान असल्याने ते पूर्ण बंद पडले तरी एकंदर प्रमाण हलत नाही.

४०४ वर इशारा लावू नका. इंटरनेटवर उघड्या असलेल्या प्रत्येक सर्व्हरवर बॉट नसलेली पानं चाचपडत असतात. रेफरर आपल्याच साइटचा असलेले ४०४ मात्र रोजच्या अहवालात घ्या, त्या तुटलेल्या लिंका आहेत. ४९९ कडे नीट बघा. उत्तर मिळायच्या आत समोरच्याने जोडणी तोडली की एन्जिनएक्स हा स्टेटस लिहितो. ॲप्लिकेशन मंदावू लागलं की लोक कंटाळून पान बंद करतात किंवा रिफ्रेश करतात, त्यामुळे ५०४ दिसू लागायच्या आधी ४९९ चढलेला दिसतो.

एकदा इशारा गेला की तोच नियम ३० मिनिटं गप्प राहावा, आणि परिस्थिती सलग ५ मिनिटं ठीक राहिली की 'निवळलं' असा एकच संदेश जावा. संदेशात नियमाचं नाव, आकडा, सर्वाधिक चुकणारे तीन पाथ आणि दोन-तीन रिक्वेस्ट_आयडी द्या. ॲप्लिकेशनच्या लॉगमध्येही तोच आयडी लिहिला जात असेल तर पुढचा शोध मिनिटांत लागतो.

संदेश पाठवताना टाइमआउट द्याच, ईमेल असो की चॅटचा वेबहुक. यूआरएललिबला टाइमआउट दिला नाही तर समोरचा सर्व्हर गप्प बसल्यावर स्क्रिप्टही तिथेच खिळून राहते, आणि लॉग वाचणं थांबतं. पाठवण्याचं काम क्यूमधून वेगळ्या थ्रेडला द्या.

जे लॉगमध्ये येतच नाही

ओळ रिक्वेस्ट संपल्यावर उमटते, म्हणजे अडकून पडलेल्या पाचशे रिक्वेस्ट लॉगमध्ये अजून नाहीतच. त्या बघायला स्टब_स्टेटस मॉड्यूल लागतं. एक लोकेशन लिहून तिथे फक्त १२७.०.०.१ ला परवानगी द्या आणि दर १० सेकंदांनी ते वाचा. सात आकडे मिळतात. ॲक्सेप्ट्स, हँडल्ड आणि रिक्वेस्ट्स हे चढत जाणारे आकडे, त्यांचा आधीच्या वाचनाशी फरक घ्यायचा. फरक उणे आला तर सर्व्हर पुन्हा सुरू झालाय, तेवढं वाचन सोडा. हँडल्ड हा ॲक्सेप्ट्सच्या मागे पडू लागला तर वर्कर_कनेक्शन्सची मर्यादा गाठली गेली असावी. वेटिंग म्हणजे कीप-अलाइव्हवर रिकाम्या बसलेल्या जोडण्या, त्यांची चिंता नको. रायटिंग चढत राहिला आणि लॉगमधल्या ओळी मात्र घटल्या, तर मागचं ॲप्लिकेशन तुंबलं आहे.

दुसरी आंधळी जागा म्हणजे शांतता. लॉग थांबला तर चुकांचं प्रमाण शून्य दिसतं, आणि सगळं छान चाललंय असं स्क्रिप्टला वाटतं. डिस्क भरली की नेमकं हेच होतं. यावर उपाय सोपा आहे: दुसऱ्या मशीनवरून दर मिनिटाला ठरलेल्या यूझर-एजंटने एक रिक्वेस्ट पाठवा. ३ मिनिटांत ती ओळ दिसली नाही तर वाचकाने इशारा द्यावा. उत्तर आलं नाही तर त्या दुसऱ्या मशीनने द्यावा. डीएनएस, सर्टिफिकेट, एन्जिनएक्स, डिस्क आणि स्वतः स्क्रिप्ट, सगळ्यांची परीक्षा एका रिक्वेस्टमध्ये होते. फक्त त्या पाथवर ॲक्सेस_लॉग ऑफ केलेला नाही ना, ते बघा. हेल्थ-चेकच्या पाथवर तो हमखास बंद असतो.

कायम चालू ठेवणं आणि चाचणी

रूटने चालवू नका. डेबियनवर लॉग 'एडीएम' ग्रुपला वाचता येतात. वेगळा यूझर करा आणि सिस्टिमडीच्या (लिनक्सवर सेवा चालू ठेवणारा प्रोग्रॅम) युनिटमध्ये सप्लिमेंटरी-ग्रुप्समध्ये एडीएम द्या. रीस्टार्ट 'ऑलवेज', रीस्टार्ट-सेक ५, जागेच्या नोंदीसाठी स्टेट-डिरेक्टरी आणि मेमरी-मॅक्स १०० एमबी एवढं पुरे. रीस्टार्ट-सेक मुळात १०० मिलिसेकंद असतो. तो तसाच ठेवलात तर सुरू होताच पडणारी स्क्रिप्ट दहा सेकंदांत पाचदा पडते आणि सिस्टिमडी तिचा नाद सोडून देतो. पायथन-अनबफर्ड १ ठेवा, नाहीतर प्रिंट केलेलं जर्नलमध्ये उशिरा येतं.

चाचणीसाठी जुन्या लॉगच्या दहा हजार ओळी घ्या आणि एका छोट्या स्क्रिप्टने त्या चाचणीच्या फाइलमध्ये हळूहळू लिहा. मध्येच नाव बदला, त्याच उघड्या हँडलवर आणखी पन्नास ओळी लिहा, मग नवी फाइल करा. एक ओळ दोन तुकड्यांत, मध्ये दोन सेकंद थांबून लिहा. वाचकाला किल -९ ने मारून पुन्हा सुरू करा. शेवटी गेलेल्या आणि मोजलेल्या ओळी पडताळा. किल -९ नंतर काही ओळी दोनदा मोजल्या गेल्या तर चालेल, कारण जागेची नोंद दर काही सेकंदांनीच होते. एकही ओळ कमी भरली तर वाचकाच्या रीतीतली चौथी पायरी पुन्हा वाचा.

अपाचीवर असाल तर

वेळ %डी ने मिळतो, पण मायक्रोसेकंदांत. दहा लाखांनी भागा. अपाची ओळीत रिक्वेस्ट आल्याची वेळ लिहितो, संपल्याची नाही, त्यामुळे एमसेकसारखी वजाबाकी करू नका. त्यामुळेच ओळी वेळेच्या क्रमाने येत नाहीत, आणि संथ रिक्वेस्ट आधीच बंद केलेल्या डब्यात पडू पाहते. गणकात आलेल्या वेळेत लागलेला वेळ मिळवून डबा ठरवा. आकारासाठी %बी चं मोठ्या अक्षरातलं रूप वापरा, लहान अक्षरातलं शून्य बाइटला आडवी रेघ देतं. स्टब_स्टेटसच्या जागी मॉड_स्टेटस आहे. सर्व्हर-स्टेटसच्या पत्त्यापुढे प्रश्नचिन्ह आणि 'ऑटो' लावलं की स्क्रिप्टला वाचता येईल असं साधं उत्तर मिळतं, आणि त्यातला आयडल-वर्कर्स शून्याकडे सरकला की नव्या रिक्वेस्ट रांगेत अडकणार हे समजा.